विश्लेषण : मनगटात कळ, बोटांना मुंग्या... टेबलावरच्या कामाने हात का दुखतो? दुखणे टाळायचे कसे?

मार्चअखेरची गडबड असते. बँकेतली, लेखापालाच्या कार्यालयातली किंवा ग्रामपंचायतीतली संगणक परिचालक दिवसाला दहा-दहा तास आकडे भरत असते. संध्याकाळी मनगट जड वाटते. रात्री झोपले की बरे होते. पंधरा दिवसांनी सकाळी उठल्यावरही बोटे आखडलेली असतात. महिन्याने चहाचा कप उचलताना कोपरापासून कळ येते. तोवर कोणी मलम लावते, कोणी पट्टा बांधते, कोणी ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून देते. खरे तर पहिल्या पंधरा दिवसांत टेबल, खुर्ची, माऊस आणि कामाच्या वेळा यांत थोडे बदल केले असते, तर यातले पुष्कळसे टळले असते. हे दुखणे नेमके कशाने होते, कोणते उपाय खरोखर उपयोगी पडतात आणि कशावर पैसे घालवण्यात अर्थ नाही, याविषयी...

दुखते मनगट, पण मूळ कोठे?

बोटे हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांच्यापासून निघालेल्या कंडरा म्हणजे दोरीसारखे चिवट धागे मनगटावरून पुढे बोटांपर्यंत जातात. कठपुतळीच्या दोऱ्या वरून ओढाव्यात, तसे हे काम चालते. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटे हवेत टंकलेखन केल्यासारखी हलवा. स्नायू सळसळताना लगेच जाणवतील.

म्हणूनच दिवसभर टंकलेखन केल्यावर दुखणे कधी मनगटात, कधी कोपराच्या बाहेरच्या बाजूला, तर कधी दोन्हींच्या मधोमध जाणवते. यात दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. एक म्हणजे तीच ती हालचाल हजारो वेळा होते आणि कंडरा घासल्या जातात. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हात न हलवता एकाच जागी अधांतरी धरून ठेवला, तरी स्नायू सतत आवळलेला राहतो. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही आणि तो थकतो. माऊसवर बोट ठेवून पडद्याकडे बघत बसलेला माणूस काहीच करत नाही असे वाटते. त्याच्या हाताचे स्नायू मात्र कामावर असतात.

हे दुखणे संगणकाबरोबर आले का?

नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ १७०० मध्ये लिहिला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे दिली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाल्यावर तो डाव्या हाताने लिहायला शिकला आणि काही काळाने डाव्या हाताचेही तेच झाले, अशी हकिकतही त्यांनी नोंदवली आहे. तीनशे वर्षांनंतरही ही तीन कारणे जशीच्या तशी लागू पडतात.

पुढे तारायंत्रे आली. मोर्सची कळ दाबणाऱ्या तारमास्तरांचे हात आखडू लागले. ब्रिटनने १९०८ मध्ये हा आजार भरपाईस पात्र व्यावसायिक आजारांच्या यादीत घेतला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात की-बोर्डवर काम करणाऱ्यांमध्ये अशा तक्रारींची लाटच आली आणि ‘आरएसआय’, म्हणजे पुन:पुन्हा होणाऱ्या ताणाची इजा, हा शब्द घरोघर पोहोचला. या आजाराविषयीचा जागृती दिन २९ फेब्रुवारीला पाळतात, कारण वर्षातला दरवर्षी पुन्हा न येणारा तो एकच दिवस. इतर वर्षी तो २८ फेब्रुवारीला असतो.

‘आरएसआय’ हे मात्र एका आजाराचे नाव नाही. त्यात अनेक वेगवेगळी दुखणी येतात.

ही दुखणी कोणती? ती ओळखायची कशी?

कार्पल टनेल सिंड्रोम हे त्यातले सर्वांत परिचित नाव. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. तळाशी आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडे आणि वर अस्थिबंधाची चिवट पट्टी. या एवढ्याशा जागेतून बोटे वळवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू (मीडियन नर्व्ह) जातो. कंडरांना सूज आली किंवा मनगट फार वेळ वाकलेले राहिले, की बोगद्यातला दाब वाढतो आणि मज्जातंतू दबतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढ्याच भागात मुंग्या येणे, ही त्याची खूण. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते, असे रुग्ण हमखास सांगतात.

मुंग्या करंगळीत आणि अनामिकेत येत असतील, तर दबलेला मज्जातंतू वेगळा असतो (अल्नर नर्व्ह). तो कोपराच्या आतल्या बाजूने जातो. कोपर टेबलावर किंवा खुर्चीच्या टणक हातावर टेकवून बसण्याची सवय असेल, तर तिकडे आधी पाहावे.

अंगठ्याच्या बुंध्यापाशी, मनगटाच्या बाजूला दुखणे म्हणजे बहुधा ‘डी क्वेरव्हेन’. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. अंगठा बाहेर नेणाऱ्या दोन कंडरांच्या आवरणाला सूज येते आणि पिशवी उचलताना, झाकण पिळताना कळ येते. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही हे होते.

कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी दुखणे म्हणजे ‘टेनिस एल्बो’. ते होण्यासाठी टेनिस खेळावे लागत नाही. मनगट वर उचलून धरणारे स्नायू याच हाडाला जोडलेले असतात. मनगट मागे वाकवून टंकलेखन करणारा दिवसभर तेच स्नायू वापरत असतो.

म्हणजे दोष की-बोर्डचा?

इथे थोडे सावध राहायला हवे. संगणकामुळे कार्पल टनेल होतोच, हा समज जितका पसरला आहे तितका पुरावा भक्कम नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००१ मधील पाहणीत संगणक भरपूर वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांत या आजाराचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येइतकेच आढळले. डेन्मार्कमध्ये हजारो कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात (२००३) की-बोर्डचा ठळक संबंध दिसला नाही. आठवड्याला २० तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत मात्र मुंग्यांच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या.

कार्पल टनेलचा संबंध शरीराच्या इतर स्थितींशीही आहे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, स्थूलता आणि गरोदरपण यांत तो अधिक दिसतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. तेव्हा मुंग्या येऊ लागल्या, तर नवा की-बोर्ड घेण्याआधी रक्तातली साखर तपासणे शहाणपणाचे.

याचा अर्थ टेबलावरचे काम निर्दोष आहे, असा नाही. मनगट, कोपराखालचा हात, खांदा आणि मान यांचे दुखणे दीर्घकाळ संगणकावर काम करणाऱ्यांत सर्रास आढळते. फक्त प्रत्येक दुखण्याला ‘कार्पल टनेल’ म्हणू नये, कारण नाव चुकले की उपाय चुकतो.

टेबलाच्या उंचीचा काय संबंध?

बहुतेक कार्यालयांत आणि घरांत दुखण्याचे मूळ इथेच सापडते. बाजारातले साधे टेबल जमिनीपासून सुमारे ७५ सेंटीमीटर उंच असते. पाच फूट उंचीची व्यक्ती खुर्चीत पाय टेकवून बसली, तर तिची कोपरे जमिनीपासून ६० सेंटीमीटरच्या आसपास येतात. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाची ६८ च्या जवळपास. त्यावर की-बोर्डची जाडी वेगळी. म्हणजे टेबल जवळपास प्रत्येकाला उंच पडते आणि कमी उंचीच्या स्त्रियांना तर वीतभर.

मग शरीर तडजोड करते. एक तर खांदे वर चढतात आणि मान-पाठ दुखते. नाही तर कोपरे खालीच राहतात, मनगटे मागे वाकतात आणि टेबलाची कड मनगटावर रुतते. काचेच्या किंवा धारदार कडेच्या टेबलावर हे अधिकच होते.

उपाय सोपा आहे. टेबल कापता येत नाही, पण खुर्ची वर घेता येते. कोपरे की-बोर्डच्या पातळीला येईपर्यंत खुर्ची उंच करावी. खुर्ची जुन्या पद्धतीची असेल तर बसायला घट्ट गादी घ्यावी. पाय अधांतरी राहिले, तर खाली पाट, लाकडी खोके किंवा कागदांच्या रिमचा गठ्ठा ठेवावा. अनेक जण खुर्ची उंच करतात आणि पायांचे विसरतात. मग मांडीखालचा भाग दबून पाय सुन्न होतात आणि दोन दिवसांत खुर्ची पुन्हा खाली येते.

बसण्याची योग्य पद्धत एका वाक्यात सांगायची तर : खांदे सैल, कोपरे अंगाजवळ आणि काटकोनाहून किंचित उघडी, मनगट कोपराच्या सरळ रेषेत. मनगट वर, खाली किंवा बाजूला मोडलेले नको.

की-बोर्ड आणि माऊस कसा ठेवावा?

की-बोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. ते उघडले की की-बोर्ड मागून उंच होतो आणि मनगट मागे वाकते. बहुतेकांसाठी हे पाय मिटलेलेच बरे. की-बोर्ड पोटाच्या समोर, मधोमध हवा. उजवीकडे आकड्यांची पट्टी असते, त्यामुळे अनेक जण नकळत संपूर्ण की-बोर्ड मध्यावर ठेवतात आणि अक्षरे डावीकडे सरकतात. ‘जी’ आणि ‘एच’ या कळा नाभीसमोर येतील असा तो सरकवावा.

माऊसची अडचण अशी की आकड्यांच्या पट्टीमुळे तो दूर जातो. मग हात बाहेर ताणलेला आणि खांदा उचललेला राहतो. आकडे भरण्याचे काम नसेल, तर ही पट्टी नसलेला छोटा की-बोर्ड घ्यावा. हा बदल तुलनेने स्वस्त आणि उपयोगी आहे. माऊस की-बोर्डला लागून, त्याच पातळीवर हवा. तो मनगटाने नव्हे तर कोपरापासून हलवावा. पडद्यावरच्या बाणाचा वेग सेटिंगमध्ये थोडा वाढवला, की हाताची हालचाल कमी होते. माऊस घट्ट धरायची गरज नसते. बटण दाबून ओढत नेणे, म्हणजे ‘ड्रॅग’, हे मनगटाच्या बोगद्यातला दाब विशेष वाढवणारे काम आहे. मजकूर निवडण्यासाठी शिफ्ट आणि बाणाची कळ, प्रत उतरवण्यासाठी कंट्रोल-सी, चिकटवण्यासाठी कंट्रोल-व्ही हे जमले की माऊसचे काम बरेच कमी होते.

मराठी टंकलेखनात काही वेगळे आहे का?

आहे. शासकीय टंकलेखन परीक्षेसाठी आजही अनेक जण शिकतात त्या रेमिंग्टन पद्धतीत ख, घ, ध, भ, श, ष अशी कित्येक अक्षरे एका कळीने उमटत नाहीत. अर्धे अक्षर आणि मग काना अशा दोन कळा दाबाव्या लागतात. इनस्क्रिप्टमध्ये अक्षर एका कळीचे असले, तरी ख, घ, थ, ध, फ, भ ही सगळी शिफ्टसह येतात. म्हणजे करंगळीने शिफ्ट दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसरे बोट ताणायचे. मराठीत ही अक्षरे आणि जोडाक्षरे पावलोपावली येतात. त्यामुळे मराठी टंकलेखकाच्या करंगळीवर ताण अधिक.

यावर दोन युक्त्या आहेत. अक्षर ज्या हाताने दाबायचे, त्याच्या विरुद्ध हाताची शिफ्ट वापरावी. एकाच हाताची बोटे फाकवू नयेत. दुसरे, विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ नावाची सोय आहे. शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की ती सुरू करण्याविषयी विचारणा होते. सुरू केल्यावर शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आधी शिफ्ट, मग अक्षर असे एकामागून एक दाबता येते. आणि लांब मजकुराचा पहिला खर्डा बोलून उतरवणे आता मराठीतही शक्य आहे. आवाजाने उतरवलेला मजकूर तपासावा लागतो, पण हजारो कळा वाचतात.

जुन्या टंकयंत्राला कळा जोरात दाबाव्या लागत, तरी त्यात एक गोष्ट चांगली होती. ओळ संपली की हात उचलून गाडा सरकवायचा, पान संपले की कागद बदलायचा, कार्बन लावायचा. हाताला आपोआप उसंत मिळे. संगणकाने ही उसंत काढून घेतली. आता ती जाणीवपूर्वक घ्यावी लागते.

किती वेळाने आणि किती विश्रांती?

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी कराच्या कामातील ४२ माहिती-नोंदणी ऑपरेटरांवर केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन पंधरा मिनिटांच्या सुट्ट्यांव्यतिरिक्त त्यांना इतर तासांत पाच-पाच मिनिटांची जादा सुट्टी दिली गेली. म्हणजे दिवसाला २० मिनिटे अधिक. हातांचे आणि डोळ्यांचे दुखणे कमी झाले. काम मात्र घटले नाही. वीस मिनिटे कमी बसूनही दिवसाचे काम पूर्वीइतकेच झाले. ‘सुट्टी घेतली तर काम मागे पडते’ असे मानणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने लक्षात ठेवावा असा हा निष्कर्ष आहे.

एकदम मोठी विश्रांती घेण्यापेक्षा छोट्या विश्रांती वारंवार घेणे बरे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा मिनिट हात मांडीवर सैल सोडावेत, तासाला एकदा उठून पाच मिनिटे चालावे. पाणी मोठ्या बाटलीऐवजी लहान पेल्यातून प्यायले की उठणे आपोआप होते. दोन फोन उभ्याने घ्यावेत. मात्र या पाच मिनिटांत मोबाइल हातात घेऊन अंगठा चालवत बसलो, तर ती हाताची विश्रांती नव्हे.

कोणते व्यायाम करावेत?

मुठी आवळून मग बोटे पूर्ण फाकवावीत, पाच-सहा वेळा. हात समोर सरळ करून तळवा खाली ठेवावा, दुसऱ्या हाताने पंजा हलकेच खाली वाकवून १५-२० सेकंद धरावा. मग तळवा पुढे करून बोटे आपल्याकडे ओढावीत. खांदे वर नेऊन सैल सोडावेत. ताण जाणवावा, कळ नको. ताणताना मुंग्या वाढत असतील तर तो व्यायाम तिथेच थांबवावा, कारण दबलेल्या मज्जातंतूला ताण दिल्याने त्रास वाढू शकतो.

नुसत्या व्यायामाने प्रश्न सुटत नाही, हेही खरे. टेबल उंच, काम सलग आणि मुदत उद्याची असेल, तर दोन मिनिटांचे ताणकाम पुरे पडत नाही. टेनिस एल्बोसारख्या जुनाट दुखण्यात स्नायूंना हळूहळू बळ देणारे व्यायाम लागतात. ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

घरी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी काय करावे?

लॅपटॉपची रचनाच अडचणीची आहे. पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला की हात वर जातात, कळा हातांच्या उंचीला आणल्या की मान खाली जाते. दोन्ही साधण्याचा एकच मार्ग : लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चळतीवर ठेवून पडदा उंच करायचा आणि वेगळा की-बोर्ड व माऊस जोडायचा. यासाठी फार खर्च येत नाही. दिवसाला तास-दीड तासाहून अधिक काम असेल तर हा बदल टाळू नये.

पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणे सर्वांत वाईट. जमिनीवर बसून काम करायची सवय असेल, तर पाठीला भिंतीचा आधार, बैठकीखाली घडी केलेली चादर आणि समोर मांड्या जेमतेम आत जातील असा ठेंगणा चौरंग हवा. चौरंग उंच असेल तर टेबलाचीच अडचण इथेही येते. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक बसू नये.

मनगटपट्टा, जेलची उशी, उभा माऊस... घ्यावे का?

मनगट सरळ ठेवणारा पट्टा कार्पल टनेलमध्ये रात्री झोपताना उपयोगी पडतो, कारण झोपेत मनगट नकळत वाकते. दिवसभर तो घालून टंकलेखन करणे मात्र वेगळे. मनगट जखडले की कोपर आणि खांद्यावर ताण जातो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तसे करू नये.

की-बोर्डसमोरची मऊ उशी टंकलेखन करताना मनगट टेकवण्यासाठी नाहीच. मधल्या विसाव्यात तळव्याची टाच टेकवण्यासाठी ती असते. मनगट टेकवून टंकलेखन केले, तर दाब नेमका बोगद्यावर येतो. टेबलाची धार लागत असेल, तर हातरुमालाची घडी किंवा टॉवेलची गुंडाळी तेच काम करते.

हस्तांदोलनाच्या स्थितीत धरायचा उभा माऊस काहींना आराम देतो. कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरील प्रयोगांच्या आढाव्यांत कोपराखालच्या हाताला आधार आणि वेगळ्या घडणीचा माऊस या जोडीचा उपयोग होऊ शकतो असे दिसते, पण तो मुख्यतः मान-खांद्यांच्या दुखण्यासाठी. हजारोंच्या उपकरणाआधी खुर्चीची उंची आणि सुट्टीच्या वेळा सुधाराव्यात. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि मोबाइल?

आठ तास की-बोर्डवर आणि मग दोन तास मोबाइलवर असे असेल, तर हाताच्या हिशोबात ते दहा तास होतात. एका हातात मोठा फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने सरकवत राहणे हे अंगठ्याच्या कंडरांसाठी जड काम आहे. फोन एका हातात धरावा आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने चालवावा. करंगळीवर फोनचे वजन पेलू नये. लांब निरोप बोलून पाठवावा. झोपून, कोपर पूर्ण दुमडून फोन पाहिला की करंगळीला मुंग्या येतात, त्यामागे कोपरातला दबलेला मज्जातंतू असतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

काम थांबवल्यावर तासाभरात जाणारे दुखणे म्हणजे सूचना. रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी टिकणारे दुखणे म्हणजे इशारा. अशा वेळी आठ-दहा दिवस काम कमी करून, वरचे बदल करून पाहावेत. दोन ते तीन आठवड्यांत फरक नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन त्याच टेबलावर तेच काम करत राहणे धोक्याचे, कारण गोळी दुखणे लपवते, कारण हटवत नाही.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये. बधिरपणा सतत राहणे, हातातून वस्तू निसटणे, शर्टाचे बटण लावता न येणे, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होणे या मज्जातंतूला इजा होत असल्याच्या खुणा आहेत. फार उशीर झाला, तर शस्त्रक्रियेनंतरही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. मानेपासून हातात उतरणारी कळ असेल तर मानेची तपासणी लागते. आणि हाताच्या, विशेषतः डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते टेबलाचे दुखणे समजू नये; १०८ क्रमांकावर फोन करावा.

निदानासाठी गरजेनुसार मज्जातंतूच्या वहनाची चाचणी करतात. उपचार साधारणपणे रात्रीचा पट्टा, फिजिओथेरपी, क्वचित स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि शेवटी छोटी शस्त्रक्रिया अशा पायऱ्यांनी जातात.

कार्यालयाची जबाबदारी किती?

ब्रिटनमध्ये १९९२ पासून पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या जागेची तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मनगटाच्या कंडरांची सूज, कोपराचे दुखणे आणि कार्पल टनेल यांचा समावेश आहे. भारतात कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत २९ अधिसूचित आजार होते. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारे बहिरेपण त्यात होते. टंकलेखकाचे मनगट नव्हते. त्यामुळे या दुखण्याची नोंद कोठेच होत नाही आणि नोंद नाही म्हणून प्रश्नही दिसत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांतील कामाचे दैनंदिन तास ९ वरून १० करण्यास मंजुरी दिली. टेबलावरचे तास वाढणार असतील, तर मधल्या पाच मिनिटांचे महत्त्वही वाढते. कंत्राटी आणि नगावर पैसे मिळणाऱ्या ऑपरेटरांना ही पाच मिनिटे मागणेही अवघड जाते. म्हणून सुट्टी ‘ज्याला हवी त्याने घ्यावी’ अशी न ठेवता सगळ्यांसाठी ठरवून दिली, तरच ती खरोखर घेतली जाते. उंची बदलता येणारी खुर्ची, पायाखाली टेकू आणि तासाला पाच मिनिटे एवढे दिले, तरी एखाद्याची महिनाभराची वैद्यकीय रजा वाचू शकते.

तोवर स्वतःपुरते उद्या सकाळी एवढे तरी करता येईल. खुर्चीत बसा, खांदे सैल सोडा, कोपरे अंगालगत ठेवा आणि पाहा, तुमचे हात की-बोर्डच्या पातळीला आहेत का? नसतील, तर दुखणे सुरू होण्याआधी खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा.